तिकांड्याची पाळी

पुसदहून निघालेली एस.टी. मला फाट्यावर उतरवून धुळीत दिसेनाशी झाली. साल अठ्ठावन्न, माघ सरत आलेला. पुण्याच्या शाळेत मी मुलांना ग्रहतारे शिकवतो. इकडचे शेतकरी ताऱ्यांवर पाणी वाटून घेतात असं ऐकलं आणि रजा टाकून निघालो. मनगटावर नवं कोरं घड्याळ होतं आणि त्याची ऐट जरा जास्तच होती, हे आधीच कबूल करतो.

बंजाऱ्यांच्या तांड्यावर हरसिंगभाऊंकडे उतरलो. यांचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा. हे आता नाल्याकाठी गहू पिकवतात. गेल्या गेल्या ताटात बाटी (ज्वारीची भाकरी) आणि लसणाचा ठेचा आला. डोळ्यांतून पाणी काढत जेवलो.

"खा ना गुरुजी, लाजून काहून राह्यले?"

रात्री त्यांच्याबरोबर शेतात गेलो. बंधाऱ्यापासून पाट एकच. तिन्हीसांजेपासून पाणी हरसिंगभाऊंचं. तिकांडं (मृगातले तीन तारे) पश्चिमेच्या टेकडीला टेकलं की ते सोनाकाकींचं. काकी एकट्या, विधवा, शेत पाटाच्या शेवटी. पूर्वेला उजाडलं की त्यांची पाळी संपते, ती पुन्हा आठ दिवसांनी. तिकांडं टेकलं तसा हरसिंगभाऊंनी पाट वळवला. मी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं: दीड.

पुढले दिवस हिंडण्यात गेले. आठव्या रात्री मात्र आभाळ भरून आलं. टेकडीसुद्धा दिसेना. साडेबाराच्या सुमाराला हरसिंगभाऊ फावडं घेऊन उठले.

"आभाळ असलं का आम्ही जरा आधीच सोडतो गुरुजी. आपलं कमी झालं तं चालते, दुसऱ्याचं नाही व्हाव."

किती सुंदर रीत! आणि मी काय केलं? शहाणपणा पाजळला. म्हटलं, "अंदाज कशाला? घड्याळ आहे ना! बरोब्बर दीड वाजता सोडा."

हरसिंगभाऊ घुटमळले. काकी बांधावर बसल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "शिकलेला माणूस हाय, आयक त्याचं."

दीड वाजता पाट वळला. थोड्याच वेळात पश्चिमेकडचे ढग पांगले. टेकडीवर चांदण्या लखलखत होत्या, पण तिकांडं नव्हतं.

"हे तं कवाचंच बुडालं," हरसिंगभाऊ हळूच म्हणाले.

तेव्हा कुठे मला आठवलं. तारा रोज चार मिनिटं आधी मावळतो. आठ दिवसांत अर्धा तास! हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो, मुलांकडून घोकून घेतो, चुकलं तर कान पिळतो. आणि तोंडातून काय निघालं? "घड्याळ मागं पडलं वाटतं."

"जाऊ द्या गुरुजी," काकी म्हणाल्या. "यंत्रच ते."

उजाडलं, पाणी पुढच्या पाळीवाल्याकडे गेलं. काकींचे शेवटचे चार वाफे कोरडे राहिले. गव्हाचा दाणा भरत होता. हरसिंगभाऊ म्हणाले, "काकी, पुढल्या पाळीत माह्यातलं घेजो." काकींनी बंधाऱ्याकडे पाहिलं. तळाला गुडघाभर पाणी होतं. पुढली पाळी होईलच, असं कोणीच बोललं नाही.

मी निघालो तेव्हा काकी फाट्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "मले वाईट नाही वाटलं बरं. पण घड्याळ दुरुस्त करून घेजा. दुसऱ्याचं नुसकान व्हाव नाही."

पुण्याला पोचल्यावर रेडिओच्या वेळेशी घड्याळ ताडून पाहिलं. सेकंदाचाही फरक नाही. त्याच रात्री सगळं खरं खरं पत्रात लिहिलं, पत्ताही घातला. मग आठवलं, काकींना वाचता येत नाही, हरसिंगभाऊंनाही नाही. पत्र वाचून दाखवणार तिथल्या शाळेचा मास्तर, म्हणजे माझ्याच पेशातला माणूस. त्याच्यापुढे माझी शोभा होईल, एवढ्यासाठी ते पत्र मी अजून टपालात टाकलेलं नाही.