आईची हजेरी

आमच्या कॉलेजात बाकांना नवं पॉलिश केलंय. त्या वासानं आज मी हजेरी घेताघेता मधेच थांबले.

नव्वदच्या दशकातली दिवाळीची सुट्टी. दादा, म्हणजे माझे वडील, कसबा बावड्याला साखर कारखान्यात कामाला होते. त्यांना विद्यापीठ बघायची भारी हौस, म्हणून आईला आणि मला घेऊन ते निघाले. अंगात दिवाळीचे नवे कपडे, पिशवीत चटणी-भाकरी. जुनी दगडी इमारत, बाग, झाडाखालचे मोर, सगळं बघून झालं. शेवटी शिपायानं आम्हांला एक रिकामा वर्ग उघडून दिला. "बघा की पावणं, आज कोण न्हाय हितं." आत असाच पॉलिशचा वास कोंडला होता.

आई सवयीनं दाराजवळ फरशीवरच टेकली.

"खाली का बसलीस? बाकावर बस की," दादा म्हणाले.

"कोण आलं म्हंजे?"

"येऊ दे."

आई माझ्या शेजारी, अगदी कडेला बसली. दादा फळ्यापाशी उभे राहून हजेरी घ्यायला लागले. आधी माझं नाव घेतलं. मग म्हणाले, "शालन." घरात ते आईला कायम 'अगं ए' म्हणायचे. तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

आई पदर सावरत उठून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "हजर."

मला हसू फुटलं. दादा मात्र हसले नाहीत.

कॉलेजात हजेरीला कुणी उभं राहत नाही, हे मला पुढं कळलं. आईला चौथीपर्यंतचीच शाळा माहीत होती.