आबांच्या फोटोखालचं ठिकाण

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

मी बारामती एमआयडीसीत नोकरीला. भवानीनगरचा आमचा ऊस माझे चुलते, आबा, बघतात. ते पाणी खरंच देतात का हे कळावं म्हणून मीच त्यांच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात फोटोखाली ठिकाण छापणारं जीपीएस चालू करून दिलं.

आज पाण्याचा फोटो आला, खाली ठिकाण मात्र भवानीनगर नाही, सुपे! "सुप्याच्या बाजारात फिरताय आणि मला तिथल्याच कुणाच्या उसाचा फोटो पाठवताय?" फोनवर ओरडलो आणि तसाच गाडी काढून गेलो.

आबा उसातच होते, गुडघाभर चिखलात. काल ते सुप्याच्या बाजाराला गेलेले, जीपीएस तिथंच अडकलं आणि आजच्या फोटोखालीही त्यानं तेच कालचं ठिकाण छापलं होतं.

मान खाली घालून मी ते जीपीएस काढून टाकलं. आबा म्हणाले, "मग उद्यापास्नं पाणी दिल्यालं तुला कळायचं कसं?"

रागानं नाही हो, काळजीनं. तुम्हीच सांगा, काय उत्तर देऊ?