पोटावरची नवी वाट

"गाठ कॅन्सरची आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि गुदद्वाराला लागूनच आहे. ती काढली की शौचाची मूळची वाट बंद करावी लागेल."

शहरात, सात रस्ता चौकाजवळच्या दवाखान्यात मी आणि माझे मिस्टर बसलो होतो. टेंभुर्णीत मी ब्लाऊज शिवते. शौचातून रक्त जायचं, ते मूळव्याध समजून मी अंगावर काढलं. तुम्ही तसं करू नका. कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्यात दुर्बीण घालून तपासणी झाली, तेव्हा खरं कळलं.

पोटावर आतड्याचं तोंड काढायचं, त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी लावायची, जन्मभर.

"मग ऑपरेशन नकोच," मी म्हणाले. "घाण पोटाला बांधून जगायचं कशाला?"

डॉक्टरांनी वाद घातला नाही. "एका बाईंना भेटा, मग ठरवा."

मला तपासण्यांसाठी दाखल करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी वॉर्डात महादेवीअक्का आल्या. अक्कलकोटकडच्या, कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या. माझ्या कॉटवर टेकल्या, जत्रेच्या, सुनेच्या गप्पा मारल्या. मग एकदम म्हणाल्या, "इतका येळ बसलीय. वास आला का गं?"

"कसला?"

त्यांनी पदर सारला. पोटावर पिशवी होती. "लई वर्सं झाली. जगायचंय न्हवं? मग हिला आपली म्हणायचं की."

मी ऑपरेशनला होकार दिला.

ऑपरेशननंतर अक्का मला पिशवी बदलायला शिकवत होत्या, तेव्हा मी डोळे मिटले. पिशवी सुटली, अक्कांच्या साडीवर सांडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी नाक मुरडलं नाही. हात धुतले, हसल्या, आणि मलाच पुन्हा लावायला सांगितलं. "तुझं अंग हाय. तूच हात लाव."

मी पाहिलं. ओठासारखा लालसर, ओला मांसाचा गोळा. तोच मला जगवत होता. त्या दिवसापासून शिसारी हळूहळू गेली.

तरी बरेच आठवडे मी उंबऱ्याबाहेर पडले नाही. मग एकदा अक्कांचा फोन आला: "वॉर्डात एक बाई हाय, तिलाबी पिशवी लावायचीय. माझ्याशी बोलंना. तू ये."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला उपदेश करता येत नाही. मी तिच्या कॉटवर टेकले, मलाही पिशवी आहे एवढंच सांगितलं. तिनं विचारलं, "साडी कुटं नेसता मग?"

मी उठले, परकराची नाडी पिशवीच्या वर कशी बांधते ते दाखवलं. शिवणारीच मी, तिच्या मापाचा परकर शिवून द्यायचं कबूल केलं. ती उठून बसली. हळूच बोट लावून तिनं माझी पिशवी चाचपली.

मला लाज वाटली नाही. दाराशी उभ्या अक्का ते बघत होत्या. त्यांच्यासारखं कशाचीच किळस न धरणारं मन मला अजून साधलेलं नाही, पण त्या क्षणी माझ्या आत सगळं शांत होतं.