मिरचीच्या वाफ्यातली मूठ

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. नार्नूरच्या अलीकडं आमचं गाव. मी नवी सून, चौथी पास, आणि तोरा असा की विहिरीवर घागर भरतानाही पाढे म्हणायची. आज ती पोरगी समोर आली तर कान पिरगाळीन म्हणते, पण दुखेल तो माझाच.

मिरचीची रोपं करायचं काम मोठ्या जाऊबाईंचं. चार गावचे लोक त्यांच्या वाफ्यातली रोपं न्यायला येत. त्यांना लेकरू नव्हतं. घरात त्यांचा मान होता तो त्या वाफ्यापुरता.

त्या वर्षी तहसिलीतला माणूस सासऱ्यांना पांढऱ्या खताची थैली देऊन गेला. दिसायला जाडं मीठ. "चुटकी चुटकी डालना, जड़ से दूर," असं दोनदा बजावून गेला. मी दाराआडून ऐकलं होतं.

पुढं जाऊबाई पाळी आली म्हणून चार दिवस बाजूला बसल्या आणि वाफा माझ्याकडं आला. अंगणाच्या टोकावरून त्या ओरडायच्या, "धाकले, सकाळचं ऊन लागू दे वं रोपाले! वरची पळसाची पानं काढजो!"

"हो जी," म्हणायची आणि काढायची नाही. कोवळी रोपं सावलीतच सुखात राहतात, हे माझं चौथीचं ज्ञान. शिवाय चिमटीनं रोप वाढतं तर मुठीनं किती वाढेल! मुठी टाकल्या, पाणी शिंपडलं, पानं झाकली. जाऊबाई उठून येतील तेव्हा रोपं बघून तोंडात बोट घालतील, असं मनाशी हसले.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पानं उचलली. रोपांनी माना टाकलेल्या, कडा भाजल्यासारख्या. एक उपटलं, तर मूळ तपकिरी.

"मोठे, तू इकडं आलती का?"

"नाही जी आत्याबाई. पाय नाही ठेवला म्या."

"मंग सावली पडली असंल तुही. उगंच काऊन मरतीन रोपं? यापुढं वाफ्याले हात नको लावजो."

मी तिथंच उभी होते, हातात तांब्या. पाढे म्हणणाऱ्या तोंडातून शब्द फुटला नाही. वाफा मला मिळाला. पुढं मी चांगली रोपं केली, सकाळचं ऊन देऊन. लोक वाखाणत, मी ऐकून घेई.

म्हातारपणी शेतकीचं शिकणाऱ्या नातीला विचारलं. ती म्हणाली, "आजी, त्या खतातलं अमोनियम मूळ पटापट ओढतं, पण ते साठवून ठेवता येत नाही. आलं की तिथंच, मुळातच साखरेशी जोडावं लागतं, मग त्याचं रोपाच्या कामाचं काहीतरी होतं. साखर पानं करतात, उन्हात. तू मूठभर अमोनियम दिलंस आणि ऊन बंद केलंस. मग त्याचं विषच होणार."

म्हणजे दारात वऱ्हाड उतरवलं आणि घरातलं जातं बंद ठेवलं. आणि शिक्षा कुणाला, तर जातं चालू ठेव म्हणून ओरडणारीला.

जाऊबाई तेव्हा हयात होत्या, डोळ्यांनी अधू. त्यांच्यापाशी बसून सगळं सांगितलं.

"म्हंजे ऊन दे म्हणलं, ते बरोबर होतं माहं?"

"हो जी."

"आत्याबाईले सांगतलं होतं?"

"नाही."

"त्या तं गेल्या." मग म्हणाल्या, "मले काऊन सांगून राह्यली आता? म्या काही केलं नाही, हे मले तवाच माहीत होतं."

परसात यंदाची रोपं तयार होती. त्यांचा हात धरून वाफ्याशी नेलं, म्हटलं, "पाहा जी." त्या वाकल्या, हात पुढं केला, आणि रोपाला लागायच्या आधीच मागं घेऊन पदराला पुसला.