सही तिचीच हवी

बायको आणि मी शेवटचं एकत्र काय केलं, तर नातीच्या लॉ कॉलेजातल्या खिडकीपुढं उभे राहिलो. तिथं दर सहा महिन्यांनी विषय निवडून रजिस्टरात सही करायची असते. नातीला ताप, म्हणून तिच्या विषयांची चिठ्ठी घेऊन आम्हीच गेलो. ती दुपार आता मला पाण्याखालून बघितल्यासारखी दिसते.

खिडकीतला कारकून डोळे अर्धे मिटून बोलतो, झोपेत बोलल्यासारखा. त्यानं चिठ्ठी ठेवून घेतली. "पण सही तिचीच हवी, अण्णा. तुमची नको, अक्कांची नको."

बायको म्हणाली, "मेल्या, ताप तुला आला असता म्हणजे?"

"तरी हेच सांगितलं असतं, अक्का."

असला माणूस मला कधी आवडला नाही.

चार दिवसांनी बायको गेली. नात म्हणाली, "आता शिकून कुणाला दाखवू?" मी चौथी नापास, तिला काय सांगणार? सहीच्या मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी तो कारकून शहराच्या टोकाला, येलहंक्याला आमच्या दारात उभा, काखेत रजिस्टर. चहा नको म्हणाला. नातीपुढं पान उघडलं.

"अक्कांनी दिलेले विषय लिहिलेत, बाळ. सही तेवढी तुझी."

तिनं रडत रडत केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात सही झालेल्यांची यादी लागली. मी बघायला गेलो, पण इंग्रजी मला वाचता येत नाही. तो खिडकी सोडून बाहेर आला, माझं बोट धरलं आणि नातीच्या नावावर टेकवलं.