बेअरिंगमास्तरांची खात्री

धूळ ओढणारे मोठे पंखे बनवणाऱ्या त्या कारखान्यात कुठल्या पंख्याला कुठलं बेअरिंग बसवायचं, हे ठरवायचा मान एकाच माणसाचा. सगळे त्यांना बेअरिंगमास्तर म्हणत आणि मास्तरांनाही ते गोड लागे. गिऱ्हाईक माहिती देई ती अर्धवट. धूळ किती, पंखा रोज किती तास चालणार, कुणालाच धड ठाऊक नसे. मास्तर तरी बेधडक नंबर सांगत. मग काही दिवसांनी गुपचूप तिथे जाऊन चालत्या बेअरिंगच्या खोक्यावर हात ठेवून बघत. तापलेलं लागलं तर निवड चुकली हे ओळखून, काहीतरी सबब काढून बदलून टाकत. या फेऱ्यांचा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांची विद्या कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं काम नेमकं त्यांच्याच मुलीकडे आलं. तिची पहिलीच नोकरी. बापाचं कौतुक सांगून तिने ऑफिसचे कान किटवले होते.

"बाबा, प्रत्येक निवडीची खात्री किती, तेही सांगा," ती म्हणाली. "कमी असली तरी चालेल. तिथे प्रोग्राम थांबेल आणि माणसाला विचारेल."

"शंभर टक्के," मास्तर म्हणाले. पुढच्यालाही शंभर, त्याच्या पुढच्यालाही. लेकीसमोर 'माहीत नाही' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. वेडी पोर कौतुकाने टाइप करत राहिली.

मास्तर घरी बसले. प्रोग्राम कुठेच थांबला नाही. एका सिमेंटच्या गोदामात पंख्याचं बेअरिंग धुळीने जाम झालं, शाफ्ट तुटला आणि शेजारी उभ्या असलेल्या फिटरचा हात कोपरापासून गेला.

चौकशीला मास्तरांनाही बोलावलं. साहेबांनी विचारलं, "खात्रीचे हे आकडे कुणाचे?"

मुलीने बापाकडे पाहिलं. बाप चष्मा पुसत बसला, पुसतच बसला. शेवटी तीच म्हणाली, "माझे."

तिची नोकरी गेली. प्रोग्राम बंद झाला आणि मास्तरांना गाडी पाठवून परत बोलावलं. "अनुभव तो अनुभव," साहेब म्हणाले. आणि मास्तर कामावर गेले. लाज कोळून प्यायल्यावर माणसाला कुठेही जाता येतं.

आई नसलेल्या त्या घरात दोघंच. एका संध्याकाळी ती म्हणाली, "त्या सिमेंटवाल्या पंख्याचं तुम्हाला खरंच माहीत होतं?"

"नाही."

"मग तसं का नाही सांगितलंत?"

"विचारणारी तू होतीस ना."

ती उठून आत गेली. त्यानंतर तिने बापाला कधीच काही विचारलं नाही, जेवायला वाढू का एवढंसुद्धा.