जाड पत्र्याचं दार

माझे बाबा मुंबईच्या मोटारीच्या कारखान्यात दारं बसवायला होते. शहापूरहून रोज जायचे. घरी यायचे ते बोटांना ग्रीस आणि तोंडात कारखान्याच्या बढाया घेऊन. हायवेवर त्यांच्या कारखान्याची गाडी दिसली की थांबायचे. "हिचं दार माझ्या हातचं असंल." सगळीच दारं यांच्या हातची कशी असतील? पण आम्ही माना डोलवायचो.

मग बाहेरच्या कंपन्यांच्या चकचकीत गाड्या आल्या. ज्यांनी आमच्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून वाट पाहिली होती, तेच तिला डबडं म्हणायला लागले. माणसं इतकी पटकन उलटतात, हे मला तेव्हा कळलं. कारखान्याला टाळं लागलं. हातात आले त्या पैशांतून बाबांनी काय घ्यावं? त्याच कारखान्याची जुनी गाडी. आईने कपाळावर हात मारला.

ती गाडी लग्नांना भाड्याने जायला लागली. मुरबाडपासून उंबरमाळीपर्यंत कुठल्या पाड्यावरची नवरी असो, सासरी जायची ती आमच्या गाडीतून. नवरी बसली की बाबा स्वतः उतरून दार लावायचे. हळू लावलं तर ते लागायचंच नाही. हात मागे नेऊन जोरात ढकलायचं, मग धप्प असा भरीव आवाज यायचा. "पत्रा जाड हाय," बाबा सांगायचे, "लाडीगोडीनं नाय लागत." आपणही याच गाडीतून जायचं, हे मी कधीच ठरवून टाकलं होतं. पैठणी मागितली नव्हती, बँड मागितला नव्हता. एवढंच मागितलं होतं.

माझी सोयरीक भातसानगरच्या वसाहतीतल्या घरी जमली. सुपारी फुटली त्या दिवशी मुलाचा थोरला भाऊ हसत म्हणाला, "नवरीला आमची गाडी येईल. तुमची राहू द्या, फोटोत बरी नाय दिसणार." मी आतून बघत होते. वाटलं, आता बाबा बोलतील. बाबा म्हणाले, "तुमी म्हणाल तसं."

पाहुणे गेल्यावर मी भांडले. "तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलेलं?"

बाबा गाडीची काच पुसत होते. "नाय गो. पोरीच्या बापानं अडून बसायचं नसतं."

मला त्यांचा फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

लग्न भर उन्हाळ्यात. धरण आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि आमच्या बाया हंडे घेऊन आटलेल्या विहिरीवर. मांडवात जेवणाला पाणी पुरेना, त्यात नवऱ्याकडच्या ड्रायव्हरने त्यांची नवी गाडी धुवायला बादलीभर मागितलं. आत्या फणकारली, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" पण बादली दिली. आमची गाडी गोठ्यामागे होती. बाबांनी तिच्यावर ताडपत्री टाकली होती.

मी सासरच्या गाडीत बसले. चाकाखाली नारळ ठेवला. बाबा सवयीने पुढे आले, हात मागे नेला आणि दार लावलं. अख्खी गाडी हादरली.

"ओ काका, हळू! तुमचं डबडं नाय हे," थोरला दीर ओरडला. वऱ्हाड हसलं. त्याने दार उघडून कुठे काही बिघडलं का ते पाहिलं, मग एका बोटाने ढकलून लावलं. "असं लावायचं." जन्मभर दारं बसवलेल्या माणसाला तो दार लावायला शिकवत होता, आणि माझा नवरा शेजारी बसून फेटा सावरत होता. बाबांनी चुकलं म्हणून हात जोडले. गाडी निघाली तेव्हाही त्यांचे हात जोडलेलेच होते.

बाबा आता नाहीत. गाडी भंगारात गेली. आमच्या घरी आता तसलीच पातळ पत्र्याची गाडी आहे, आणि मी तिचं दार हात मागे नेऊन आपटते. नवरा दर वेळी वैतागतो, "अगं, तुटेल ते."

मी म्हणते, "तुटलं तर तुमच्या भावाला बोलवा. एका बोटानं लावून देतील."